मामांच्या पेटीतली पाश्चात्त्य गूढविद्येची पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत?

प्रश्न : काठावरची वाचक, सांगली

सर्वांना नमस्कार. माझे मामा मिरजेला रेल्वेत नोकरीला होते. कामानिमित्त मुंबईला जाणे झाले की फोर्टातल्या पदपथावरून ते जुनी इंग्रजी पुस्तके घेऊन येत, आणि मामी त्यावरून चार शब्द बोलल्या तरी ती पुस्तके एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवत. ते गेल्यावर ती पेटी माझ्याकडे, खणभागातल्या आमच्या घरी आली. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आम्ही ती तळमजल्यावरच्या पलंगावर चढवून ठेवली होती, पण पाणी पेटीच्या अर्ध्यापर्यंत आलेच. पूर ओसरल्यावर भांडीकुंडी, गाद्या आणि कागदपत्रे आवरण्यात आम्ही इतके गुंतलो की पुस्तके उन्हात पसरून वाळवण्यापलीकडे काही केले नाही. मग पेटी माळ्यावर गेली, ती थेट यंदा दिवाळीच्या साफसफाईत खाली आली.

वरच्या थरातली पुस्तके बरी आहेत. खालच्यांच्या प्रत्येक पानाच्या तळाशी चहाच्या रंगाची आडवी रेघ उमटली आहे, काही पाने एकमेकांना चिकटली आहेत, आणि शिवणीत बोट फिरवले तर अजूनही कृष्णेचा बारीक गाळ बोटाला लागतो. पेटीत काय काय आहे ते सांगते. ‘द किबालियन’ नावाचे एक पातळ पुस्तक, हर्मिस ट्रिसमेजिस्टस या दंतकथेतल्या ऋषीच्या नावावरच्या संवादांचे इंग्रजी भाषांतर, ॲग्रिप्पाचे ‘गुह्य तत्त्वज्ञानाची तीन पुस्तके’, मादाम ब्लाव्हॅट्स्कींच्या ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’चा एक खंड, लेडबीटर यांचे ‘द चक्राज’ आणि हिंटन यांचे ‘द फोर्थ डायमेन्शन’. यांशिवाय बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात रंगवलेले छोटे लाकडी ठोकळे आहेत. लहानपणी आम्ही भावंडे त्यांचे किल्ले करायचो. एरवी शांत असणारे मामा त्या ठोकळ्यांची मांडणी बिघडली की फार अस्वस्थ होत. ते का, हे आम्हाला कधी कळले नाही.

‘द किबालियन’च्या समासात मामांनी पेन्सिलीने लिहिले आहे : “पिंडी ते ब्रह्मांडी. हेच का?” त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर मला शोधायचे आहे. मागच्या वर्षी मी त्यासाठी एका वर्गात पैसे भरून गेले होते. तिथे हेच पुस्तक पाच हजार वर्षांपूर्वीचे इजिप्तचे गुप्त ज्ञान म्हणून शिकवले गेले, आणि मी त्याचा आधार विचारल्यावर ‘तुमची अजून तेवढी पात्रता झालेली नाही’ असे मला सर्वांदेखत सांगण्यात आले. ते मला फार लागले.

माझे विचारणे एवढेच आहे की ही पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत, त्यांचे खरे वय किती, आणि सृष्टीच्या दडलेल्या मितींविषयी त्यांत जे सांगितले आहे त्यात हाती धरण्यासारखे काही आहे का.

उत्तर : जुना ग्रंथपाल, सातारा

ताई, आपण आधार विचारलात यातच आपली पात्रता दिसते. मी साताऱ्यातल्या एका वाचनालयात एकतीस वर्षे नोकरी केली आणि या विषयाची पुस्तके मागणारे वाचक दरवर्षी पाहिले. त्या सर्वांना मी एकच गोष्ट सांगत आलो : मजकुराला हात घालण्याआधी शीर्षकपान उलटून त्याची मागची बाजू पाहावी, आणि पुस्तक कोणी, केव्हा, कोणत्या गावी, कोणत्या वाचकांसाठी लिहिले ते एका कागदावर टिपून तो कागद पुस्तकात ठेवावा. गूढविद्येच्या पुस्तकांत ‘प्राचीन’ हा शब्द इतक्या सहजपणे येतो की हा कागद जवळ नसेल तर वाचक दोन हजार वर्षांच्या अंतरावर उभी असलेली दोन पुस्तके एकाच रांगेत लावून बसतो.

‘द किबालियन’पासून सुरुवात करतो, कारण आपला अपमान त्या पुस्तकावरून झाला आहे. ते १९०८ साली शिकागोत प्रसिद्ध झाले. म्हणजे इकडे कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज होते, त्या काळातले ते पुस्तक आहे. लेखक म्हणून ‘तीन दीक्षित’ एवढेच छापलेले असते. अभ्यासक ते विल्यम वॉकर ॲटकिन्सन या अमेरिकन वकिलाचे मानतात. मनाच्या शक्तीने आरोग्य आणि यश मिळवता येते असे सांगणारी ‘न्यू थॉट’ नावाची चळवळ त्या वेळी अमेरिकेत जोरात होती, आणि ॲटकिन्सन तिचे फार लिहिते लेखक होते. कंपन, ध्रुवत्व, लय अशी जी सात तत्त्वे या पुस्तकात येतात, त्यांची भाषा त्या चळवळीची आहे. याच गृहस्थांनी ‘योगी रामचरक’ हे नाव घेऊन श्वासाच्या आणि योगाच्या विषयावरही पुस्तके लिहिली. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ती पुस्तके कोणा भारतीय योग्याची म्हणून श्रद्धेने वाचली गेली आहेत. मामांच्या पेटीत त्यांपैकी एखादे निघाले तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा. वाक्यांची ठेवण ओळखू येते.

खरे जुने पुस्तक आपल्याकडे आहे ते हर्मिसच्या संवादांचे. हे सतरा लहान ग्रंथ इजिप्तमध्ये ग्रीक भाषेत, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या आसपास लिहिले गेले. पंधराव्या शतकात त्यांची एक पोथी फ्लॉरेन्सला पोहोचली, तेव्हा तिथले सावकार कोझिमो दे मेदिची यांनी आपल्या आश्रयातले विद्वान मार्सिलिओ फिचिनो यांना प्लेटोचे भाषांतर बाजूला ठेवून आधी हे हाती घ्यायला सांगितले. मृत्यू जवळ आलेल्या त्या वृद्ध सावकाराला प्लेटोच्याही आधी हर्मिस वाचायचा होता, कारण हर्मिस हा मोझेसच्या काळातला ऋषी आहे अशी तेव्हाची समजूत होती. फिचिनोंनी १४६३ साली चौदा ग्रंथांचे लॅटिन भाषांतर पुरे केले आणि ते १४७१ मध्ये छापले गेले. पुढची दीडशे वर्षे युरोपातल्या विद्वानांनी या पुस्तकाला प्राचीनतम प्रज्ञेचा मान दिला. मग १६१४ साली आयझॅक कॅसॉबाँ या ग्रीकच्या पंडिताने त्यातले शब्द, वाक्प्रचार आणि ख्रिस्ती व प्लेटोपंथी विचारांच्या छटा तपासून दाखवून दिले की ही ग्रीक भाषा इतकी जुनी असणे शक्यच नाही. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. ग्रंथाचे वय त्याच्या भाषेतूनच काढायचे, ही पद्धत आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या आणि महानुभावांच्या पोथ्यांवर काम करणाऱ्या अभ्यासकांनाही परिचित आहे.

तरी कॅसॉबाँ यांच्यावर हा विषय संपत नाही. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादी येथे कॉप्टिक या इजिप्तच्या जुन्या भाषेतल्या पोथ्या सापडल्या. त्यांत हर्मिस-परंपरेचेही काही ग्रंथ निघाले आणि या विचारामागे इजिप्तच्या भूमीतले काही खरोखर असावे, याकडे अभ्यासक पुन्हा वळले. गार्थ फाउडन यांचे ‘द इजिप्शियन हर्मिस’ (१९८६) त्यासाठी वाचावे. भाषांतर हवे असेल तर ब्रायन कोपनहेवर यांचे ‘हर्मेटिका’ (१९९२) घ्यावे. त्यातल्या टिपा मूळ मजकुराहून जास्त जागा घेतात, आणि तेच त्याचे मोठेपण आहे.

सोळाव्या शतकातला जर्मन विद्वान ॲग्रिप्पा मात्र आधी वाचू नका. त्याने पहिला खर्डा १५१० साली, विशीत असतानाच, लिहिला आणि पूर्ण ग्रंथ १५३३ मध्ये कोलोनला छापला गेला. पंचमहाभूतांसारख्या मूलद्रव्यांचे जग, ग्रहताऱ्यांचे जग आणि देवदूतांचे बौद्धिक जग असे तीन मजले कल्पून वरच्या मजल्याचा प्रभाव खालच्यावर कसा उतरतो हे तो सांगतो. त्यात वनस्पती, रत्ने, अंक, अक्षरे, ग्रहांचे जादूचे चौरस यांच्या इतक्या याद्या आहेत की पूर्वतयारी नसलेला वाचक पन्नासाव्या पानावर थांबतो. पण याच माणसाने १५३० साली सर्व विद्यांच्या फोलपणावर एक कडक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यातला जादूवरचा टीकेचा भाग १५३३ च्या आवृत्तीच्या शेवटी स्वतःच जोडला. आपल्या प्रतीत तो भाग आहे का, ते आवर्जून पाहा.

क्रम विचारलात म्हणून सांगतो. प्रथम वाउटर हानेग्राफ यांचे ‘वेस्टर्न एसोटेरिसिझम : अ गाइड फॉर द परप्लेक्स्ड’ (२०१३) वाचा. १९९९ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र अध्यासन सुरू झाले, त्यावर ते प्राध्यापक म्हणून आले. युरोपच्या विद्यापीठांनी आणि चर्चने आपापली ओळख घडवताना जे जे बाहेर टाकले, त्या नाकारलेल्या ज्ञानाचा ढीग म्हणजे आज आपण ज्याला गूढविद्या म्हणतो ते, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यानंतर हर्मिसचे संवाद, मग फ्रान्सिस येट्स यांचे जिओर्दानो ब्रूनो या सोळाव्या शतकातल्या इटालियन तत्त्वज्ञावरचे १९६४ चे पुस्तक, आणि त्यानंतर ॲग्रिप्पा. येट्सबाईंनी निसर्गावर हुकमत मिळवण्याची आकांक्षा जादूगारांकडून वैज्ञानिकांकडे आली असे मांडले. पुढच्या इतिहासकारांनी त्यातला बराच भाग सौम्य केला, तरी हे पुस्तक वाचताना मला आजही झोप लागत नाही.

भिजलेल्या पुस्तकांविषयी थोडेसे. चिकटलेली पाने ओढून सोडवू नका. बुरशी दिसली तर नाकातोंडाला कापड बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटका. ऊन दाखवू नका, सावलीत वारा लागू द्या. मामांचा पेन्सिलीचा मजकूर पुसट होण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा.

उत्तर : विवेकवाट, सातारा

मी अनेक वर्षे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे, म्हणून थोडे वेगळे बोलतो, ते ताईंनी मनाला लावून घेऊ नये. ज्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर हे काम केले, तिथे ‘जादू’ हा शब्द आम्हाला निव्वळ ग्रंथालयातला वाटत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले त्याचा अध्यादेश निघाला. तो कायदा कोणाच्या वाचनावर किंवा श्रद्धेवर बंधन घालत नाही. अलौकिक शक्तीचा दावा करून माणसाला फसवणे, घाबरवणे, छळणे, उपचारांपासून रोखणे अशा कृतींवर तो बोट ठेवतो. आपण पैसे भरलेल्या वर्गात कोणी आजार बरा करण्याचे किंवा भविष्य पालटण्याचे आमिष दाखवत असेल तर ते गप्प राहून सोडून देऊ नका.

माझी अडचण अशी आहे की गावात रात्री-अपरात्री ज्यांच्या घरी आम्ही जातो, त्यांना फिचिनो आणि देवऋषी यांतला फरक कोण समजावणार? इंग्रजी पुस्तकातून आलेले असले की शिकलेली माणसेही विचारायचे थांबतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

उत्तर : जुना ग्रंथपाल, सातारा

आपली काळजी रास्त आहे, आणि तिच्यावर उत्तर म्हणून मी आणखी एक पुस्तकच सुचवतो. कीथ थॉमस यांचे ‘रिलिजन अँड द डिक्लाइन ऑफ मॅजिक’ (१९७१) हे सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्लंडच्या खेड्यांविषयी आहे. हरवलेली गाय शोधून देणारे, चोराचे नाव काढणारे, दृष्ट उतरवणारे जाणते तिथे गावोगाव होते, आणि त्यांचे वर्णन वाचताना आपल्याला आपला देवऋषीच दिसतो. थॉमस यांनी एक अवघड प्रश्न उभा केला : गुणकारी औषधे येण्याच्या कितीतरी आधीच तिथल्या लोकांचा जादूवरचा विश्वास का ढळू लागला? कार्यकर्त्याने हे पुस्तक वाचावे असे मला मनापासून वाटते, कारण भीती कशी तयार होते याहून ती कशी ओसरते याचा शोध त्यात आहे.

न्यूटन यांनी किमयेवर लिहिलेली ढीगभर हस्तलिखिते १९३६ साली लंडनमध्ये लिलावात निघाली आणि अर्थतज्ज्ञ केन्स यांनी त्यांतली बरीच विकत घेतली. ती वाचल्याने न्यूटनचे गणित उणे झाले नाही आणि किमयाही खरी ठरली नाही, पण एका माणसाच्या डोक्यात दोन्ही कसे नांदत होते हे कळले. ताईंनाही आपल्या मामांविषयी असेच काही समजून घ्यायचे असावे.

उत्तर : द्रेष्काण, वाई

मी वाईला संस्कृत शिकलो. मामांच्या पेन्सिलीच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो फार चांगला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही.

‘द किबालियन’मधले ‘जे वर ते खाली’ हे वचन हर्मिसच्याच नावावरच्या ‘पाचूची पाटी’ नावाच्या एका लहान मजकुरातले आहे. त्याचे सर्वांत जुने ज्ञात रूप अरबीत, आठव्या-नवव्या शतकांच्या सुमाराचे आहे. हर्मिसच्या त्या सतरा ग्रीक ग्रंथांत ते नाही. विश्वाच्या सर्व भागांत परस्पर अनुरूपता आहे, ही कल्पना फ्रेंच अभ्यासक अँत्वान फेव्र यांनी पाश्चात्त्य गूढविद्येचे पहिले लक्षण मानले आहे. सजीव निसर्ग, कल्पनाशक्ती आणि मध्यस्थ, तसेच रूपांतर ही त्यांनी सांगितलेली दुसरी लक्षणे. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ हे आपल्याकडच्या नाथ आणि योगपरंपरेतले वचन अर्थाने त्याच्या जवळ जाते. परंतु दोन ठिकाणी एकच विचार दिसला म्हणून तो एकाने दुसऱ्याकडून घेतला असे ठरत नाही, त्यासाठी हातोहात प्रवास दाखवावा लागतो.

असा प्रवास खरोखर दाखवता येतो तेव्हा काय आनंद होतो, त्याचे एक उदाहरण देतो. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त राशींच्या द्रेष्काणांची, म्हणजे प्रत्येक राशीच्या दहा-दहा अंशांच्या तीन भागांची, रूपे वर्णिली आहेत. मेषेच्या पहिल्या द्रेष्काणात कमरेला पांढरे वस्त्र गुंडाळलेला, काळा, तांबड्या डोळ्यांचा, परशू उगारलेला एक उग्र पुरुष उभा आहे. आता इटलीत फेरारा गावी स्किफानोइया नावाचा एक प्रासाद आहे, त्याच्या भिंतींवर १४७० च्या सुमारास रंगवलेली बारा महिन्यांची चित्रे आहेत. मार्च महिन्याच्या पट्ट्यात मेष राशीवर एक सावळा पुरुष उभा आहे, अंगावर फाटके पांढरे कपडे, कमरेला दोर बांधलेला. तो कोण, हे कोणालाही सांगता येत नव्हते. आबी वारबुर्ग या जर्मन कला-इतिहासकाराने १९१२ साली रोममधल्या एका व्याख्यानात दाखवून दिले की हा वराहमिहिराचाच पुरुष आहे. बगदादच्या अबू माशर या ज्योतिषाच्या अरबी ग्रंथातून तो लॅटिन पोथ्यांत आणि तिथून त्या भिंतीवर आला. ‘द्रेष्काण’ हा शब्द मुळात ग्रीकांकडून आपल्याकडे आलेला, आणि त्या ग्रीकांनी ही दहा-दहा अंशांच्या भागांची कल्पना इजिप्तकडून घेतलेली. त्याच अबू माशरच्या वाटेने ही रूपे ‘पिकाट्रिक्स’ या अरबी जादूग्रंथात गेली, ज्याचे भाषांतर स्पेनमध्ये राजा दहावा अल्फोन्सो याच्या आश्रयाने १२५६ साली सुरू झाले. ज्याला आपण ‘पाश्चात्त्य’ म्हणतो त्या विद्येच्या भिंतीवर आपल्या पंचांगातला माणूस उभा आहे, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ घाटावर बसून राहिलो होतो.

लेडबीटर यांच्या ‘द चक्राज’ (१९२७) विषयी सावध राहावे. ते ज्या थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येच्या संस्थेचे होते ती १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झाली, मादाम ब्लाव्हॅट्स्की आणि तिचे दुसरे संस्थापक १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईला आले आणि १८८२ मध्ये त्यांचे ठाणे मद्रासजवळ अड्यारला गेले. मुंबईतल्या काळात त्यांना मिळालेल्या सहकाऱ्यांपैकी तुकाराम तात्या पडवळ हे ‘जातिभेद विवेकसार’चे लेखक आणि तुकोबांच्या गाथेचे प्रकाशक. ही देवाणघेवाण मराठी माणसांच्या हातूनही झाली, हे आपण विसरून गेलो आहोत. लेडबीटर स्वतःला दिव्यदृष्टी असल्याचे सांगत आणि त्यांनी जे पाहिले म्हणून मांडले ते आपल्या ग्रंथांशी जुळतेच असे नाही. स्वाधिष्ठानाच्या जागी त्यांनी प्लीहेजवळचे चक्र घातले आहे. षट्चक्रांचा संस्कृत आधार हवा असेल तर जॉन वुड्रॉफ यांचे ‘द सर्पंट पॉवर’ (१९१९) वाचावे, कारण त्यात पूर्णानंदांच्या ‘षट्चक्रनिरूपणा’चे भाषांतर आहे. आणि त्याहीआधी, ताई, आपल्या घरातच असेल ती ज्ञानेश्वरी काढा आणि सहाव्या अध्यायातले कुंडलिनीचे वर्णन वाचा. लेडबीटर यांच्या रंगीत चित्रांच्या सहाशे वर्षे आधी ते आपल्या भाषेत लिहिले गेले आहे.

उत्तर : कोन आणि कडा, विटा

मी शाळेत गणित शिकवतो. बाकीच्या पुस्तकांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही, पण बिस्किटांच्या डब्याविषयी वाचले आणि राहवले नाही. ताई, ते ठोकळे किती आहेत, कृपया मोजून सांगाल का? ते ८१ च्या आसपास भरले तर ती खेळणी नव्हेत. मामा चौथी मिती पाहायला शिकत होते.

चार्ल्स हॉवर्ड हिंटन हे इंग्रज गणिती. चार मितींच्या घनाला आज जगभर वापरला जाणारा ‘टेसरॅक्ट’ हा शब्द त्यांनी १८८८ च्या एका पुस्तकात घडवला आणि आपल्याकडे आहे ते ‘द फोर्थ डायमेन्शन’ १९०४ साली लिहिले. त्यांचे म्हणणे असे की चौथी दिशा डोळ्यांना दिसत नसली तरी रंगीत घनांची मांडणी मनात पक्की बसवण्याचा रोज सराव केला तर तिचा अंदाज घेता येतो. ८१ कुठून येतात ते सांगतो. कागदावर चौरस काढा : त्याला ४ शिरोबिंदू, ४ बाजू आणि १ आतले क्षेत्र, एकूण ९ भाग. घनाला ८ शिरोबिंदू, १२ कडा, ६ पृष्ठे आणि १ आतला गाभा, एकूण २७. आता घन त्याच्याशी काटकोनात असलेल्या चौथ्या दिशेला सरकवला अशी कल्पना करा. जे तयार होईल त्याला १६ शिरोबिंदू, ३२ कडा, २४ चौरस, ८ घन आणि १ गाभा असतो, आणि यांची बेरीज ८१ होते. दर मितीला तीनने गुणत जायचे, एवढाच हा हिशोब. प्रत्येक भागाला एक रंगीत ठोकळा दिला की २७-२७ चे तीन थर होतात, आणि हे तीन थर म्हणजे चार मितींच्या वस्तूचे आपल्या जगात घेतलेले तीन छेद. काकडीच्या चकत्या पाहून काकडी ओळखावी तसे.

हे करून कोणाला काही मिळाले का? मिळाले. हिंटन यांची मेहुणी ॲलिशिया बूल, पुढच्या ॲलिशिया बूल स्टॉट, या तर्कशास्त्राचे गणित मांडणाऱ्या जॉर्ज बूल यांच्या कन्या. (त्यांच्या आईचे काका म्हणजे ज्यांच्या नावाने शिखर ओळखले जाते ते सर्व्हेअर जनरल एव्हरेस्ट.) विद्यापीठाचे शिक्षण न मिळालेल्या या मुलीने हे ठोकळे हाताळता हाताळता चार मितींतल्या सुसम आकृतींचा इतका अचूक अंदाज बांधला की त्या सहाच असतात हे तिने स्वतःच शोधून काढले. ते आधी सिद्ध झालेले होते याची तिला कल्पनाही नव्हती. माझ्या वर्गात भूमितीला घाबरणाऱ्या मुली बसतात, त्यांना मी दरवर्षी ही गोष्ट सांगतो.

आता ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचे जमेल तसे उत्तर. चौथी मिती ही गणितात पक्की वस्तू आहे. चार मितींच्या अवकाशात दोरीची गाठ टोके न सोडता सुटते, हेही खरे आहे. १८७७ च्या डिसेंबरात लाइपझिगच्या झोल्नर या खगोलभौतिकीच्या प्राध्यापकांनी हेन्री स्लेड या अमेरिकन माध्यमाला, म्हणजे आत्म्यांशी संपर्क असल्याचे सांगणाऱ्याला, बोलावले आणि टोके लाखेने बंद केलेल्या दोरीत त्याच्या सान्निध्यात गाठी पडल्या, म्हणून आत्मे चौथ्या मितीत राहतात असा निष्कर्ष काढला. हा स्लेड आदल्याच वर्षी लंडनमध्ये फसवणुकीबद्दल दोषी ठरला होता आणि अपिलात तांत्रिक मुद्द्यावर सुटला होता. झोल्नर यांचे भूमितीचे विधान बरोबर होते. दोरी कोणाच्या हातात होती, यावर त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. पुस्तक वाचताना गणित कुठे संपते आणि दोरी कुठे सुरू होते तिथे पेन्सिलीची एक रेघ मारा, एवढेच मी सुचवीन. हिंटन यांच्या पुस्तकात ती रेघ काही ठिकाणी फार पुसट आहे.

उत्तर : काठावरची वाचक, सांगली

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, आपले मनापासून आभार. काल रात्री जेवणे आटोपल्यावर मी आणि माझ्या मुलीने सतरंजीवर डबा पालथा केला. ठोकळे ७८ भरले. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद होता, तो उचलला तर खाली मामांच्या अक्षरात तीन चौकटींचा तक्ता निघाला, प्रत्येक चौकटीत नऊ-नऊ घरांचे तीन चौरस, आणि घराघरात रंगांची मराठी नावे : हळदी, विटकरी, राखी, मोरपंखी, जांभूळ. काही घरे पाण्याने धुऊन गेली आहेत. एक ठोकळा माझ्या धाकट्या भावाने दातांनी कुरतडलेला आहे, त्याच्या खुणा तशाच आहेत, आणि मामांनी त्यावर नंतर नव्याने रंग दिलेला दिसतो.

भावाला पुण्याला फोन केला. त्याने जरा वेळ काढून सांगितले की दोन ठोकळे त्याच्याकडे आहेत, लहानपणी खिशात घालून नेलेले. तिसऱ्याचा पत्ता लागला नाही. तक्त्यावरून पाहता तो मधल्या थराच्या अगदी मध्यभागाचा, म्हणजे विट्याच्या सरांनी सांगितलेला चार मितींचा गाभा असावा, असे माझी मुलगी म्हणते. मिरजेला सतार करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिरांकडे लाकडाचे तुकडे असतात, त्यांना तेवढ्या मापाचा एक ठोकळा कापून मागितला आहे.

ॲग्रिप्पाच्या प्रतीत तो शेवटचा टीकेचा भाग आहे, पण ती पाने चिकटलेली आहेत आणि मी ती ओढलेली नाहीत. ‘द किबालियन’च्या शीर्षकपानामागे १९०८ हे साल छापलेले आहे आणि त्याखाली मामांनी पेन्सिलीने बारीक गोल केला आहे. म्हणजे त्यांनी ते पान उलटले होते, आणि ते पाहूनच समासात ‘हेच का?’ असे विचारले असावे. आज संध्याकाळी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढला आहे.